रोममध्ये नऊ महिने, अकरा पायी सफरी: गाईडबरोबर भग्नावशेष आणि भुयारी थडगी पाहण्याचा अनुभव

नवऱ्याच्या नेमणुकीमुळे गेल्या सप्टेंबरपासून आम्ही रोममध्ये राहतोय. तेव्हापासून मे अखेरपर्यंत मी गाईडबरोबरच्या अकरा पायी सफरी केल्या. काही एकटीने, काही नवऱ्याबरोबर आणि दोन सफरी सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर. पंचवीस-तीस जणांच्या ग्रुपच्या झाल्या, आठ जणांच्या झाल्या, शेवटी टिप द्यायची अशा 'फुकट' सफरी झाल्या आणि कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे भुयारी दफनभूमीत, तिथल्याच गाईडबरोबरच्याही झाल्या. भारतातून येणारे ओळखीचे लोक सारखे विचारत असतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

माझं मत आधीच सांगते. पैसे रांग टाळण्यासाठी मोजू नका, माणसासाठी मोजा. गाईड कोण आहे आणि ग्रुपमध्ये किती जण आहेत, या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

पहिल्या सफरीतच हे कळायला हवं होतं. कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटिन टेकडी तीन तासांत, अठ्ठावीस जण, कानात रिसीव्हर. गाईड चाळीस पावलं पुढे. कानात आवाज यायचा, 'डावीकडे बघा', आणि मी डावीकडे पोचेपर्यंत ती पुढच्या देवळाबद्दल बोलायला लागलेली असायची. तिचा दोष नव्हता, एवढी माणसं हाकायची म्हणजे तिला चालतच राहावं लागणार. पण घरी आल्यावर मला सम्राटांची चार नावं सोडून काही आठवेना, आणि ती नावं मला आधीच ठाऊक होती.

त्याच फोरमवर नोव्हेंबरमध्ये आठ जणांच्या ग्रुपबरोबर पुन्हा गेले. गाईड बाई स्वतः उत्खननात काम केलेल्या होत्या. त्यांनी आम्हाला सम्राट अंतोनिनस आणि त्याची बायको फाऊस्तिना यांच्या देवळासमोर दहा मिनिटं नुसतं उभं केलं आणि विचारलं, 'यात काय चुकलंय?' खांबांमागे एका चर्चचा दरवाजा आहे आणि तो हवेत आहे. उंबरठा आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, खाली पायऱ्या नाहीत, काही नाही. मग त्या म्हणाल्या, चर्चवाल्यांनी हा दरवाजा केला तेव्हा जमीन तिथवर होती. शेकडो वर्षांच्या गाळाने आणि राडारोड्याने फोरम बुजला होता, वर गुरं चरायची, लोक या जागेला गुरांचं रानच म्हणायचे. पुरातत्त्ववाल्यांनी माती उपसली आणि दरवाजा वर लटकत राहिला. उत्खनन म्हणजे काय, हे मला त्या एका दरवाजाने समजावलं.

तिथून सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीकडे गेलो. इसवी सन 203 मधली. त्यावरची अक्षरं एके काळी ब्राँझची होती. धातू कधीच गेला, पण अक्षरांच्या खाचा आणि ती ठोकून बसवायची भोकं राहिली आहेत. बाईंनी चौथी ओळ दाखवली. तिथली काही भोकं आत्ताच्या अक्षरांशी जुळतच नाहीत, कारण ती आधीच्या मजकुराची आहेत. त्या जागी सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याचं नाव होतं. 211 मध्ये थोरला भाऊ काराकाला याने त्याला मारवलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसायला लावलं. इथे त्या जागी दुसरे गौरवाचे शब्द बसवले, पण जुनी भोकं बुजवून पूर्ण लपली नाहीत. मान वर करून ती भोकं शोधताना आमच्यातल्या प्रत्येकाचं तोंड उघडं राहिलं होतं. या सफरीचे माणशी 60 युरो घेतले, तिकीट वेगळं. पै न् पै वसूल.

तिकिटाबद्दल थोडक्यात. कोलोसियम, फोरम आणि पॅलाटिन मिळून साधं तिकीट मी गेले तेव्हा 18 युरो होतं. तिकिटावर नाव असतं, दारात पासपोर्ट बघतात, तेव्हा स्पेलिंग नीट घाला. कोलोसियमच्या तळघराच्या जागा मोजक्या असतात, तारखा खुल्या झाल्या की लगेच संपतात. तळघर पाहाच. फरशीत गोल भोकं आहेत, त्यांत रहाटाचा उभा खांब फिरायचा आणि माणसं तो ढकलून जनावरांचे पिंजरे वर रिंगणात चढवायची. तसा एक लाकडी पाळणा पुन्हा बांधून ठेवलाय. बाकी कोलोसियमवर मी फार लिहीत नाही, ते सगळे पाहतातच.

'फुकट' सफरी तीन केल्या. पहिल्या दिवशी शहराची दिशा कळायला चांगल्या आहेत, पण त्या तिकिटाच्या जागी आत जात नाहीत. आणि त्यांतल्या एकाने आम्हाला सांगितलं की छळ चुकवायला ख्रिश्चन लोक कॅटाकोम्बमध्ये लपून राहायचे. हे चूक आहे. तिथे कोणी राहत नव्हतं. त्या दफनभूमी होत्या, कुठे आहेत ते सरकारला माहीत होतं, आणि ओलसर अंधाऱ्या बोळांत संसार करणं शक्यही नव्हतं. लोक पुरायला यायचे, श्राद्धासारखं स्मरणाचं जेवण करायला यायचे आणि परत जायचे. आता कुठल्याही नव्या गाईडला मी हाच प्रश्न आधी विचारते. उत्तरावरून पुढचे तीन तास कसे जाणार याचा अंदाज येतो.

आता कॅटाकोम्ब, ज्यांच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला बंदी होती, अगदी जुन्या बारा पाट्यांच्या कायद्यापासून. म्हणून वेशीबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी सुरू होतात. अप्पियन रस्ता त्यासाठी प्रसिद्ध. इसवी सनापूर्वी 312 मध्ये अप्पियस क्लॉडियसने तो सुरू केला, पुढे तो थेट ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेला. श्रीमंतांनी कडेला बुरूज बांधले, सेसिलिया मेटेलाचं गोल थडगं अजून किल्ल्यासारखं उभं आहे. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्या राखेचे कलश भिंतीतल्या लहान कोनाड्यांत, कबुतरांच्या खुराड्यासारख्या ओळींत ठेवायचे. त्या खोल्यांना नावही कबुतरावरूनच पडलं, कोलंबेरियम. पुढे जाळण्याऐवजी पुरण्याची रीत वाढली, जमीन महागली, आणि लोक खाली खणत गेले.

हे खणणं शक्य झालं ते इथल्या दगडामुळे. सान कालिस्तो या कॅटाकोम्बच्या जिन्यावर गाईड सांगत होता की हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड आत असताना मऊ, कुदळीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं, तर त्या भिंतीला हात लावून म्हणाल्या, 'म्हणजे आपल्या जांभ्यासारखंच की गं.' त्यांचं माहेर राजापूरकडचं, चिऱ्याची खाण लहानपणापासून पाहिलेली. मी ते गाईडला सांगितलं. त्याने पुढे दोनदा मुद्दाम थांबून त्यांना कुदळीचे घाव दाखवले, छताजवळ, अगदी ताजे वाटावेत असे.

सान कालिस्तोमध्ये भुयारांची लांबी सगळी मिळून वीसेक किलोमीटर भरते, एकाखाली एक मजले आहेत. दाखवतात त्यातला लहानसा भाग, चाळीस मिनिटांत. तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपना जिथे पुरलं ती खोली दे रोस्सी या संशोधकाला 1854 मध्ये सापडली. पण मला लक्षात राहिली ती साधी भिंत. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत आडव्या खाचा, रेल्वेच्या बर्थसारख्या, एकेका देहाच्या मापाच्या. बहुतेक उघड्या आणि रिकाम्या. मधेच हातभर लांबीची खाच, मग तशीच आणखी एक, मग तीन ओळीने. सासूबाईंनी मला विचारलं, 'ही एवढीशी कशाला?' उत्तर द्यायची वेळ आली नाही, त्यांचं त्यांनाच कळलं. गाईडने हळू आवाजात सांगितलं की मुलांची थडगी इथे फार आहेत. काही पाट्यांवर वय वर्षांत, महिन्यांत आणि दिवसांत लिहिलेलं असतं. सासूबाईंचं एक मूल दहा महिन्यांचं होऊन गेलं होतं, हे मला लग्नानंतर कधीतरी ओझरतं कळलं होतं. त्या दिवशी वर उजेडात आल्यावर, सायप्रसच्या झाडाखाली बसून, त्यांनी मला त्याचं नाव सांगितलं.

दुसरी एक गोष्ट गाईडच्या बॅटरीमुळे दिसली, नाहीतर मी पुढे गेले असते. थडग्याचं तोंड विटांनी किंवा फरशीने बंद करून कडेने चुना लिंपायचे. ज्यांना नाव कोरून घेणं परवडत नव्हतं ते तो चुना ओला असतानाच त्यात खूण दाबून ठेवत. शिंपला, नाणं, काचेच्या भांड्याचं बूड, पोरांच्या थडग्याला बाहुली. या हजारो एकसारख्या खाचांत आपलं माणूस ओळखता यावं म्हणून. आम्ही पाहिला तो बोटभर शिंपल्याचा ठसा होता, शिंपला निघून गेलेला, त्याच्या रेघा चुन्यात तशाच.

आत फोटो काढायला मनाई आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

दोमितिल्ला हे दुसरं कॅटाकोम्ब त्यापेक्षा शांत. आत शिरताच अर्धं जमिनीखाली असलेलं चर्च लागतं. तिथल्या गाईडने बोझिओची गोष्ट फार छान सांगितली: 1593 मध्ये हा तरुण इथे उतरला, आत वाट चुकला, मेणबत्त्या संपत आल्या, कसाबसा बाहेर पडला आणि मग उरलेलं आयुष्य याच भुयारांचा नकाशा मांडत राहिला. इथल्या काही खोल्यांची काजळी लेझरने काढून 2017 मध्ये चित्रं पुन्हा लोकांसमोर आणली. आम्हाला त्या खोल्या पाहायला मिळाल्या नाहीत, ही रुखरुख आहे. शहराच्या उत्तरेला प्रिसिल्ला आहे, तिथे गर्दी सगळ्यात कमी. वेळ असेल तर तिन्ही करा, एकच करायचं तर दोमितिल्ला.

आता तक्रार. एका सफर कंपनीची 'अप्पियन रस्ता आणि कॅटाकोम्ब' अशी सफर मी 65 युरोंना घेतली होती. कॅटाकोम्बच्या दारात कंपनीचा गाईड थांबला आणि आम्हाला तिथल्या गाईडच्या हवाली केलं. हे गाईड तिकिटातच असतात, आणि ते तिकीट दारात 10 युरोंना मिळत होतं. म्हणजे बाकी पैसे व्हॅनचे आणि रस्त्यावरच्या वीस मिनिटांच्या गप्पांचे. शिवाय माहितीत 'चालायला सोपं' लिहिलं होतं. प्रत्यक्षात उंच जिने आणि काळ्या दगडांचे उखडलेले चिरे, गुडघेदुखीच्या माणसाला अवघड. मी सगळं लिहून कळवलं, तर ठरावीक छापाचं आभाराचं उत्तर आलं. म्हणून सासूबाईंना नेताना मी सरळ 118 नंबरची बस पकडली, दारात तिकीट काढलं आणि जिन्याबद्दल आधी विचारून घेतलं. कितीतरी सुखाचं झालं ते.

नेताना काय लागेल ते सांगते. आत उन्हाळ्यातही पंधरा अंशांच्या आसपास गारवा असतो, स्टोल ठेवा, खांदे झाकायलाही तोच उपयोगी. बूट जाड तळव्याचे. सुट्ट्या वेगवेगळ्या: सान कालिस्तो बुधवारी बंद, दोमितिल्ला मंगळवारी, प्रिसिल्ला सोमवारी. हिवाळ्यात प्रत्येक कॅटाकोम्ब साधारण महिनाभर बंद असतं, फेब्रुवारीत येणाऱ्यांनी आधी बघून घ्या. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी थंड आणि प्यायचं असतं.

गाईड नको अशी एक जागा म्हणजे सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या शतकातली रोमन घरं आणि मिथ्र देवाची खोली. एकदा गाईडबरोबर गेले, एकदा एकटी. एकटीने गेले तेव्हा सगळ्यात खालच्या मजल्यावर भिंतीमागून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज नीट ऐकू आला.

मी कोल्हापूरची, हे त्या नोव्हेंबरवाल्या बाईंना पुढे एका सफरीत कळलं. अप्पियन रस्त्यावर त्या पूर्वेच्या व्यापाराबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, आमच्या गावात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940च्या दशकात रोमन ब्राँझच्या वस्तू निघाल्या, त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे आणि ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ठेवलीय. त्यांनी फोनवर फोटो मोठा करकरून पाहिला, मूर्तीची उंची विचारली, सोबत काय निघालं ते विचारलं. लहानपणी शाळेच्या सहलीत मी त्या मूर्तीपुढून दोन मिनिटांत निघून गेले होते. सुट्टीत गेले की मोजमापासकट नीट माहिती आणायचं त्यांना कबूल केलंय.

सेंट पीटर्सखालची रोमन दफनभूमी राहिलीय. तिथे लहान लहान गटांनीच सोडतात आणि कार्यालयाकडे आधी अर्ज करावा लागतो. आमची तारीख सप्टेंबरमधली आली आहे. पाहून झालं की इथेच खाली लिहीन.