रविवारची ओढाफेरी : एका मोफत सेवेचे परीक्षण

मांजरेच्या खोऱ्यातील आमच्या तालुक्याच्या गावात काही स्वयंसेवक रविवारी सकाळी ओढाफेरी काढतात. शुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही. बसस्थानकामागच्या पुलावर सातच्या सुमारास पोचावे आणि काठाकाठाने त्यांच्यासोबत चालावे, एवढेच अपेक्षित असते. निवृत्त तलाठी, शाळेतले दोन शिक्षक, काही दुकानदार आणि महाविद्यालयातील मुले असा हा मेळ आहे. मोफत उपक्रमाचे परीक्षण कशाला, असे कोणी म्हणेल. पण लोक त्यासाठी आपली सुटीची सकाळ देतात, तेव्हा पदरात काय पडते हे सांगायलाच हवे.

ओढ्यातील प्लास्टिक गोळा करण्यात फेरीचा पहिला अर्धा तास जातो. हे काम आवश्यक आहे, कारण आमचा ओढा मांजरेला मिळतो आणि ते पाणी पुढे धनेगावच्या धरणात साठते. लातूर, केज, अंबाजोगाई ही गावे त्या धरणावर विसंबून आहेत आणि 2016 च्या उन्हाळ्यात ते आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तरीही केवळ सफाईसाठी कोणी यावे असे मला वाटत नाही, कारण पुढच्या आठवडी बाजारानंतर पिशव्या पुन्हा तेथेच दिसतात.

यावे ते कागदपत्रांसाठी. पुलापासून थोडे पुढे गेल्यावर तलाठी काका गाव नकाशाची प्रत उघडतात आणि ओढ्याच्या दोन्ही कडा बोटाने दाखवतात. ज्या गटांमधून ओढा जातो त्यांच्या सातबाऱ्यावर ते क्षेत्र पोटखराब वर्ग ‘ब’ (सार्वजनिक वापरामुळे लागवडीबाहेर ठेवलेली जमीन) म्हणून वेगळे लिहिलेले असते, हे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. मराठवाड्यात याच्याही मागे जाता येते : सेतवार (सर्वेक्षणानंतर तयार झालेली जमिनींची नोंदवही) आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक (कोणती जमीन कोणाच्या ताब्यात होती याची नोंद) ही जुनी कागदपत्रे आजही महसुली वादांत काढली जातात, आणि ती कशी वाचायची हे काका सवडीने, न कंटाळता समजावतात. त्यानंतर मुलांच्या हातात टेप दिला जातो. नकाशावर गाडीवाट मावेल इतका रुंद दिसणारा ओढा प्रत्यक्षात दोन सिमेंट पाइपांत कोंबलेला आहे, हे स्वतः मोजून पाहिल्यावर पावसाळ्यात खालच्या गल्लीत पाणी का शिरते ते वेगळे सांगावे लागत नाही. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हा फरकही येथेच, उदाहरणासह कळतो.

फेरीचा दुसरा टप्पा एका लेआउटमधील खुल्या जागेवर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘ओपन स्पेस’वर होतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. प्रत्यक्षात त्या जागेवर ट्रॅक्टर, विटांचे ढीग आणि कोणाच्या तरी म्हशी होत्या. स्वयंसेवकांनी आरडाओरडा न करता मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मिळवली आणि ती रहिवाशांना वाटली. ही रीत मला पसंत पडली.

आणखी एका गोष्टीबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. खोलीकरणासाठी जेसीबी मिळत असूनही त्यांनी तो ओढ्यात उतरू दिलेला नाही. आपल्या बेसाल्टच्या प्रदेशात पाणी मुरते ते मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून. तळ खरवडून कातळापर्यंत नेला आणि वरच्या रानात बांधबंदिस्ती केली नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात गाळ येऊन बसतो. ‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी वरच्या उतारावर पाणी अडवायचे आणि मग खाली यायचे, हे सूत्र सगळेच उच्चारतात, पण येथे ते पाळले जाते. काठावरील बेशरम आणि गाजरगवत उपटताना करंज, निर्गुडी व उंबराची रोपे मात्र जपली जातात.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी गिरिपुष्प व सुबाभूळ ही झाडे लावण्याचा घाट घातला आहे. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. तेथील मारवेल आणि पवन्या गवतावर जनावरे जगतात आणि माळटिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ओढ्याच्या बाबतीत इतका विचार करणाऱ्यांनी माळावर मात्र सरसकट खड्डे खणावेत, हे पटत नाही.

दुसरी तक्रार गायरानाबद्दलच्या भाषेची आहे. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 मधील जगपाल सिंग निकालाचा दाखला देत काही तरुण ‘सगळी अतिक्रमणे काढा’ असे म्हणतात. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न जुना आहे. आंबेडकरी चळवळीतील नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये त्यासाठी सत्याग्रह झाले, आणि पुढे शासनानेही ठरावीक मुदतीपूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. निकालातही भूमिहीनांना शासनाने दिलेल्या जमिनींसारखे अपवाद नमूद आहेत. पोटासाठी चार काकऱ्या ओढणारी म्हातारी आणि ओढ्यावर स्लॅब टाकून गाळे भाड्याने देणारा मालक यांना एकाच यादीत बसवणे अन्यायाचे आहे. मी हे बोलून दाखवले तेव्हा तलाठी काकांनी मान डोलावली. तरुणांनी विषय बदलला.

सोयी बेताच्याच आहेत. वाटेत पिण्याचे पाणी नाही, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि काठ निसरडा असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी फक्त नकाशाच्या टप्प्यापुरते थांबावे. प्लॉट घेण्याच्या विचारात असलेल्यांनी मात्र सौदा करण्यापूर्वी एकदा तरी यावे. गट क्रमांक आधी सांगितल्यास काका त्या गटाचा नकाशा सोबत आणतात. हद्दी पाहायच्या असतील तर ओढा कोरडा असतो तेव्हा, एप्रिल-मेमध्ये जावे, आणि पाणी कोणत्या वाटेने वाहते ते पाहायचे असेल तर सप्टेंबरमधील एखाद्या जोरदार पावसानंतरचा रविवार निवडावा.