‘परग्रही वंश’ डीएनए किट: थुंकी तुमची, आठ टक्के सगळ्यांचे

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या आठवडी बाजारांत सध्या हे किट विकायला असतं. एक टेबल, मागे आकाशगंगेचा फ्लेक्स, आणि ४,९९९ रुपयांत ‘तुमच्या डीएनएत परग्रहाचा अंश किती’ याचा अहवाल. पाचपैकी एक तारा, तोही नळीसाठी.

नळी खरंच चांगली आहे. खुणेच्या रेषेपर्यंत साधारण दोन मिलीलीटर थुंकी भरायची, झाकण दाबलं की वरचं द्रावण खाली उतरतं, मग पाच-सात वेळा उलटसुलट करायची. या द्रावणामुळे नमुना साध्या खोलीतही टिकतो, फ्रीज लागत नाही. चूक होते ती फेस मोजण्यात. रेषेपर्यंत फेस आला की लोक थांबतात आणि आत पाव भागही थुंकी नसते. दुसरी चूक म्हणजे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. माहितीपत्रकात ‘अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये’ एवढंच छापलंय. खर्रा म्हणजे खाणं नाही असं इकडे सगळेच धरतात. सुपारीतले टॅनिन डीएनएच्या प्रती काढणारं विकर अडवतात, नमुना बाद होतो. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा, गाल आतून जिभेने चोळा, मग नळी हातात घ्या.

इथपर्यंत ठीक. पुढे नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे तो ‘चिप’वर वाचला जातो. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हे कबूल केलंय. माणसाच्या डीएनएत सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात. चिप त्यातली सहा-सात लाख ठिकाणं तपासते, म्हणजे साडेचार हजार अक्षरांमागे एखादं. आणि ही ठिकाणं आधीपासून माहीत असलेली, माणसामाणसांत बदलणारी म्हणूनच निवडलेली असतात. मतदार यादी हातात घेऊन घरोघर फिरलं तर यादीतली माणसं हजर की गैरहजर एवढंच कळतं. यादीबाहेरचा पाहुणा मागच्या खोलीत झोपलेला असला तरी त्याची नोंद होत नाही. परग्रहाचा तुकडा डीएनएत असलाच, तरी ही चाचणी तो दाखवूच शकत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर कोसळतं.

मग अहवालातले ‘परग्रही अंश ८ टक्के’ आले कुठून? पाठ्यपुस्तकातून. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे. आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरलेले हे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. आकडा खरा आहे, पण तो तुमचा मोजलेला नाही. एकाच घरातल्या दोन अहवालांतही तो अगदी तोच छापून येतो. आणि यातले बहुतेक अवशेष चिंपांझीच्या डीएनएतही त्याच त्याच जागी सापडतात. एका जुन्या विषाणूच्या आवरणाचा जीन तर आज गरोदरपणात वार तयार व्हायला लागतो.

‘अनिर्धारित वंश’ या रकान्यातला आकडा मात्र माणसागणिक बदलतो, आणि विक्रेता त्यावरच जास्त बोलतो. त्याचा अर्थ असा: कंपनीच्या तुलनेच्या संग्रहात तुमच्यासारखी माणसं कमी आहेत. असे संग्रह युरोपीय नमुन्यांनी भरलेले असतात. गोंड, कोलाम, कोरकूंचे नमुने त्यांत नसले तर मेळघाटातल्या माणसाचा ‘अनिर्धारित’ आकडा फुगणारच. परग्रहाचा यात संबंध नाही, यादीच तोकडी. माहितीपत्रकातल्या ‘कुठूनच न आलेल्या २२३ जीन’ची गंमतही हीच. माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या २००१ च्या मसुद्यात हे जीन थेट जिवाणूंतून माणसात आले असावेत असं म्हटलं होतं (जिवाणूंतून, तारकांतून नव्हे). त्याच वर्षी जास्त प्राण्यांशी ताडून पाहिल्यावर संख्या चाळीसच्या आसपास उतरली. बाकीचे जीन इतर प्राण्यांतही होते. आधी तुलनेला घेतलेल्या माशी आणि कृमीतून ते गळाले होते, इतकंच.

खरोखर बाहेरून घातलेला जीन कसा दिसतो ते विदर्भाच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचा जीन घातलेल्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. पऱ्हाटीचं कोवळं पान नळीत चुरडा, द्रावण टाका, पट्टी बुडवा: दोन रेषा म्हणजे बीटी, एकच रेषा म्हणजे बिगर-बीटी, एकही नाही तर पट्टीच खराब. ही पट्टी त्या जीनमुळे बनलेलं प्रथिन ओळखते. प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून तपासणं) केला तर फुलकोबीच्या विषाणूतून घेतलेला, जीन चालू करणारा ३५एस तुकडाही सापडतो. जीन कोणाचा, कुठे बसवला, कडा कुठल्या, सगळ्याचा पत्ता लागतो. माणसाच्या डीएनएत असा पत्ता आजवर कोणी दाखवलेला नाही. आणखी एक: जिवाणूचा जीन कपाशीत चालतो, कारण दोघांची तीन-तीन अक्षरी लिपी एकच. माणसाचीही तीच. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्याची लिपी नेमकी हीच निघावी, याचं उत्तर माहितीपत्रकात शोधूनही मिळत नाही.

आता धोक्याचं पान. आरएच निगेटिव्ह रक्ताला इथे ‘तारकवंशाची खूण’ म्हटलंय. भारतात साधारण पाच टक्के लोक आरएच निगेटिव्ह असतात, आणि बहुतेकांत कारण असतं ते आरएचडी जीन गळाल्याचं. म्हणजे भर नाही, वजाबाकी. अहवाल वाचून एखादी गरोदर बाई ‘आपलं रक्तच वेगळं’ म्हणून खूश होऊन घरी बसली तर मोठी अडचण. बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. २८ व्या आठवड्यातही देतात, आणि गर्भपात झाला तरी विचारावं लागतं. यातलं एक अक्षर अहवालात नाही.

आणि जे पान असायला हवं होतं तेच नाही: सिकलसेल, आईबापांकडून उतरणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात डीएनएतलं एक अक्षर कळायला हवं असेल तर ते हे. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये जीएजीच्या जागी जीटीजी. विकत घेतलंच असेल तर कंपनीकडे कच्च्या डेटाची फाईल मागा आणि तीत आरएस३३४ (या जागेचा क्रमांक) शोधा. पण सांभाळून. हा जीन डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे, म्हणून बहुतेक फाईलींत ‘टी’ म्हणजे नेहमीचं आणि ‘ए’ म्हणजे सिकल. जीनच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडे नेमकं उलट. ए आणि टी एकमेकांच्या जोडीतलेच असल्याने घोळ नजरेला येत नाही. म्हणून फाईलवर लग्न ठरवू नका आणि मोडूही नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर ती धरायची नाही, आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचीही नाही.