डब्यावर निकेल, आत तांबडं ग्रीस: सायलेन्सरच्या नटांपायी 9,710 रुपये गेले

नागपुरात गाडीच्या सायलेन्सरचं काम काढणार असाल आणि गॅरेजवाला 'अँटी-सीझ ट्रीटमेंट' (नट जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) म्हणाला, तर खिशाला हात घालायच्या आधी हे वाचा. मला त्या नावाखाली 3,810 रुपयांना गंडवलं आणि ते निस्तरायला आणखी 5,900 गेले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

मला कोणी भोळा समजू नये म्हणून सांगतो, अँटी-सीझ ही काही थाप नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचे) स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतो ते बिनडोक्याचे बोल्ट, रोज लालभडक तापायच्या बेताला येतात, निवतात, गंजतात, आणि काही वर्षांनी नट-स्टड एकजीव होतात. ग्रीसमध्ये निकेल, तांबं नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि ग्रॅफाइट घातलेलं असतं. ग्रीस जळून जातं, पूड आट्यांत राहते आणि पुढच्या वेळी नट सुटतो. तांब्याचं साधारण 980 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, निकेलचं 1,300 च्या वर. साधं लिथियम ग्रीस 200 गाठायच्या आतच पातळ होऊन गळतं. म्हणजे वस्तू खरी, गरज खरी. खोटा फक्त डबा. असं असलं की शहाणा माणूसही फसतो.

तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवायची पट्टी, बदलायला गाडी दिली. मालक म्हणाला, "भाऊ, इम्पोर्टेड निकेल लावून देतो, जनमभर नट जाम होणार नाही." ट्रीटमेंटचे 2,000, वर 18 टक्के जीएसटी 360, आणि "घरी असू द्या, कामी येते" म्हणून डबा 1,450 ला गळ्यात मारला. काम चालू असताना बघायला गेलो तर "उन्हात काऊन उभे राहता, केबिनमध्ये बसा, फोटो पाठवतो." नागपूरचा मे महिना. बसलो.

फोटो आला. नट तांब्यासारखे चकाकत होते, आणि मी तो फोटो मेव्हण्याला कौतुकाने पुढे पाठवला! आता तोच फोटो मोठा करून बघतो तेव्हा डोकं फिरतं. नटाच्या सहाही कडांवर लेप जसाच्या तसा, जाड, एकसारखा. लेप आधी लावून मग पाना घालून नट आवळला असता तर कडांवरचा लेप पुसला गेला नसता का? त्यांनी जुने गंजके नट तसेच आवळले आणि वरून ब्रशने रंगवले. अँटी-सीझ लागतं आतल्या आट्यांना, तेही तारेच्या ब्रशने गंज काढून, नट चढवायच्या आधी.

दुसरी गोष्ट त्याहून उघडी. डब्यावर 'निकेल' छापलेलं आणि आतला माल तांबडा. निकेलचं अँटी-सीझ राखाडी असतं. मी विचारलंही होतं. "हीटसाठी कॉपर मिक्स आहे ना भाऊ," इतक्या सहज बोलला की पुढे काय विचारणार? दवाखान्यात डॉक्टरने दिलेल्या गोळीचा रंग आपण तपासतो का?

काही महिन्यांनी पुन्हा फटफट आवाज. या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना लावला आणि एकामागोमाग दोन स्टड तुटले. तुटलेला नट हातावर ठेवून दाखवला: बाहेर तांबडा लेप, आत आट्यांत नुसता गंज, तांब्याचा मागमूस नाही. डब्यातला माल एका जुन्या नटावर लावून त्याने गॅसची ज्योत धरली. भकाभका धूर आणि खाली काळी कोळशी. धातूची पूड नावालाही नाही. तुटलेले स्टड ड्रिल करून काढायचे आणि टॅप मारायचे (भोकात नव्याने आटे पाडायचे) 3,200, गॅस्केट 480, स्टड-नट 420, मजुरी 1,800.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी चालते ना?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, असं म्हटलं तर साहेब हसले, "दहा हजारांसाठी? हे दिवाणी आहे." डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, छापील किंमत नाही, महिना-वर्ष नाही. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार हे सगळं लागतं, म्हणून तोच डबा घेऊन एका कार्यालयात गेलो. उत्तर: "उघडलेला डबा चालत नाही, सीलबंद आणा." म्हणजे त्याच चोराला अजून 1,450 रुपये देऊ? कराच्या कार्यालयात तर कमालच झाली. बिलावर जीएसटी लावलाय, पण नोंदणी क्रमांक नाही. नोंदणी नसलेल्याला कर घेताच येत नाही, हा त्यांचाच कायदा. तर टेबलामागचा माणूस म्हणतो, "क्रमांक नाही तर तक्रार कोणाच्या नावाने घेऊ?" अहो, तोच तर गुन्हा आहे!

बिलावर जीएसटी दिसला की 15 अक्षरी क्रमांक शोधा, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. डबा आणि ट्रीटमेंट एका ओळीत लिहू देऊ नका. लेप लावताना स्वतः उभे राहा, ऊन असो की पाऊस. ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या) टोकाला कोणी हे फासत असेल तर हात धरा, सेन्सर जाईल. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कंपनीकडूनच लावलेलं येतं. लेप लावलेला नट कोरड्याइतका आवळू नये, जास्त ताणला जाऊन तुटतो. इम्पॅक्ट गन (झटके देत नट आवळणारं यंत्र) लावणाऱ्याला हे सांगून बघा, तोंडावरूनच कळेल त्याला काय येतं ते.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत 2 वर्षांची. मी ऑनलाइन तक्रार टाकली आहे. मागणी 9,710 रुपयांची, आणि त्यातले 360 मुद्दाम वेगळ्या ओळीत मांडलेत. ते कोणत्या सरकारला भरले, हे त्याने आयोगापुढे सांगावं.