केसांसाठी एक्झोसोम घेतलं, दोन स्टार
पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकात एक्झोसोमचं, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं, सेशन घेतलं, क्लिनिकचं नाव लिहीत नाही. स्टाफ चांगला, एसी मस्त, आधी मायक्रोनीडलिंग केलं (बारीक सुयांनी टोचतात ते) आणि मग छोट्या बाटलीतलं पाणी डोक्याला चोळलं, बास. हे कुठल्या पेशींचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या "इम्पोर्टेड आहे सर". अहो पण कशाचं??

आयडिया खरंच भारी आहे, म्हणजे पेशी स्वतःहूनच ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या बाहेर सोडतात, आत प्रोटीन, आरएनए भरून, शेजारच्या पेशीला कुरियर पाठवल्यासारखं, १९८३ मध्ये कच्च्या तांबड्या रक्तपेशींत दिसल्या तेव्हा वाटलं पेशी कचरा टाकतेय, आणि आता त्याच पिशवीत औषध भरून पाठवायचे प्रयोग चालू आहेत. पण रक्तात सोडल्या की बऱ्याचशा यकृत नि प्लीहेतच अडकतात, शिवाय प्रत्येक बॅच सारखी बनवणं अवघड. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) तर २०१९ मध्येच मंजुरी नसलेल्या एक्झोसोम प्रॉडक्ट्सबद्दल इशारा दिलाय, हे मी बिल भरल्यावर वाचलं, माझीच चूक.

केस? तीन महिने झाले, कंगव्यात येतात तेवढेच येतायत. दोन स्टार, त्यातला एक चहाचा.