जुन्या पीसीत कुठलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं: आरएक्स ६६०० की आरटीएक्स ३०५०? (आणि बाकीची मंडळी)

चौथ्या ते दहाव्या पिढीतला इंटेल किंवा एएमडीचा सुरुवातीचा रायझन प्रोसेसर, त्यात जीटीएक्स ७५० टीआय नाहीतर १०५० हे जुनं कार्ड, आणि नवीन गेम लावला की पडद्यावर स्लाइडशो. अख्खा पीसी बदलायचं बजेट नाही, फक्त कार्ड टाकायचंय. अशा वेळी सगळे बेंचमार्कचे (कार्डाचा वेग मोजणारे) व्हिडिओ बघत बसतात, पण त्या व्हिडिओत कार्ड लावलेलं असतं एकदम ताज्या प्रोसेसरवर, त्यामुळे तिथले एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तुमच्याकडे येतीलच असं अजिबात नाही. जुन्या मशीनमध्ये निम्मा निर्णय तुमचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डच घेऊन टाकतात.

म्हणून आधी साइड पॅनल काढा. पीएसयूतून (म्हणजे पॉवर सप्लायमधून) येणाऱ्या वायरींमध्ये सहा अधिक दोन पिनांचा कनेक्टर कुठे लोंबकळतोय का बघा, त्यावर बहुतेक वेळा पीसीआय-ई छापलेलं असतं. चार अधिक चार पिनांचा जो असतो तो प्रोसेसरचा, तो दाबून बसवायला जाऊ नका. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये हा सहा-आठ पिनांचा कनेक्टर बऱ्याचदा नसतोच, मग लोक साटा (हार्ड डिस्कला वीज देणारी वायर) टू ६ पिन अडॅप्टर शोधतात. नका शोधू. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच झेपेल असा बनवलेला असतो आणि ६ पिनवरून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं, प्लास्टिक वितळल्याचे फोटो शोधलेत तर ढिगाने सापडतील.

कनेक्टर नसेल तर मग मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच भागवायचं. इथे तीन नावं येतात: जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० आणि आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती. जीटीएक्स-आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची. (१६५० च्या काही मॉडेलना वेगळा ६ पिन लागतो, घेताना फोटो नीट बघा.) यातलं आरएक्स ६४०० कागदावर गोड दिसतं, ५३ वॅट, छोटंसं, लो प्रोफाइलमध्येही (बारक्या केससाठी बुटकं) मिळतं, पण जुन्या पीसीसाठी नेमकं हेच सगळ्यात वाईट. कारण त्याला पीसीआय-ई च्या (बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीच्या वाटांच्या) फक्त ४ लेन आहेत. ४.० स्लॉटमध्ये त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातं, ३.० मध्ये ते ४ वर येतं, आणि सॅंडी ब्रिजच्या (इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या) काळातल्या २.० बोर्डवर तर २ वरच. त्यात मेमरी ४ जीबी, म्हणजे ती भरली की टेक्स्चर सिस्टिम रॅममधून आणायचे आणि आणायचे कुठून तर त्याच चिंचोळ्या गल्लीतून, मग गेम मध्येच गचके खातो. वर व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायचा असेल तर सगळा भार त्या बिचाऱ्या प्रोसेसरवर. मोठा भाऊ आरएक्स ६५०० एक्सटी, त्याचंही रडगाणं हेच, फक्त त्याला ६ पिनही लागतो.

जीटीएक्स १६५० वयाने मोठं, २०१९ चं, पण पूर्ण १६ लेनचं असल्यामुळे जुन्या बोर्डवर त्याचं फारसं काही अडत नाही. ४ जीबी मात्र आता खरंच कमी पडतात. त्यामुळे कनेक्टर नसलेल्यांनी परवडत असेल तर थेट ३०५० ६ जीबी घ्यावं. ७० वॅट, ८ लेन, डीएलएसएस (कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची सोय) चालतं, एन्कोडर चांगला. नाव ३०५० असलं तरी २०२२ च्या ८ जीबीवाल्या ३०५० पेक्षा ते बऱ्यापैकी हळू आहे, कोअर कमी आणि मेमरी बस १२८ ऐवजी ९६ बिट, तेव्हा ८ जीबीचे आकडे बघून ६ जीबी घरी आणू नका.

आता ज्यांच्याकडे ८ पिन आहे त्यांच्यासाठी खरी लढत आरएक्स ६६०० विरुद्ध ३०५० ८ जीबी. दोन्ही १२८ बिट, दोन्ही ८ लेन, दोघांची वीज साधारण १३० वॅट, धड ४५० वॅटच्या पीएसयूवर दोन्ही आरामात चालतात. पण साध्या गेमिंगमध्ये ६६०० सरळसरळ पुढे आहे, थोडंथोडकं नाही, सेटिंग एक पायरी वर नेता येईल एवढं. शिवाय प्रोसेसर जुना असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) वापरणाऱ्या गेममध्ये प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, एएमडीचा कमी, हे चौथ्या पिढीच्या आय५ वर जाणवतं. ३०५० कशासाठी घ्यायचं? डीएलएसएस एएमडीच्या तसल्याच एफएसआरपेक्षा स्वच्छ दिसतं, ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर कुडा (कार्डाकडून गणनेचं काम करून घेणारी एनव्हिडियाची सोय) उपयोगी पडतं, स्ट्रीमिंगला एन्कोडर सरस. २०२५ च्या शेवटी एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० चे ड्रायव्हर देखभालीच्या वेगळ्या शाखेत टाकले तेव्हा बराच आरडाओरडा झाला, मग कंपनीने नवीन गेमचा सपोर्ट चालू राहील असं सांगितलं, तेवढं लक्षात असू द्या. फक्त खेळायचंच असेल तर मी तरी डोळे झाकून ६६०० म्हणेन.

इंटेलचं आर्क बी५८० कोणीतरी सुचवणारच, १२ जीबी मेमरी बघून मोह होतो. कार्ड चांगलंय, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, जो बऱ्याच जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) नसतोच, आणि प्रोसेसर कमकुवत असला की त्याचा ड्रायव्हरही गळपटतो. जुन्या पीसीसाठी सोडून द्या.

सेकंड हँडमध्ये जीटीएक्स १६६० सुपर अजूनही छान, ६ जीबी, १६ लेन. फक्त रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नाही, त्यामुळे इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम द डार्क एजेस सारखे गेम, जिथे ते सक्तीचं आहे, तिथे हे कार्ड बाद. या दोन्हींच्या किमान यादीत आरएक्स ६६०० आहे. जीटीएक्स १०६० किंवा १०८० टीआय स्वस्तात मिळतील, पण १००० सिरीजचे गेम रेडी (नव्या गेमसाठी जुळवलेले) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आरएक्स ५८० घेताना २०४८एसपी असं काही लिहिलंय का बघा, असेल तर ते आतून ५७० च्या तोडीचं, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. विकणाऱ्याला जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट मागा, द्यायला टाळाटाळ केली तर पुढे चला.

आणि पैसे देण्याआधी एक टेस्ट. नेहमीचा गेम लावा, आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये जीपीयू युसेज (कार्डाची चिप किती टक्के कामात आहे) बघा. ९७-९९ टक्के असेल तर कार्डच अडतंय, नवीन टाकल्यावर फरक दिसेल. ६०-७० वर रेंगाळत असेल, व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद करूनही, आणि रेझोल्युशन ७२० वर आणून एफपीएस हलत नसतील तर अडलाय प्रोसेसर किंवा रॅम. एकच ८ जीबीची स्टिक असेल तर आधी तशीच दुसरी टाकून बघा, कार्डापेक्षा खूप स्वस्तात काम होईल. मॉनिटर व्हीजीएवाला असेल तर या नव्या कार्डांना तो पोर्ट नाही, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. आणि कार्ड लावल्यावर काळा स्क्रीन आला तर लगेच परत करायला धावू नका, जुन्या बोर्डात बायोस अपडेट आणि यूईएफआय (नव्या पद्धतीचं) बूट चालू केल्यावर बऱ्याचदा चित्र येतं, त्यामुळे बायोस जुनं कार्ड असतानाच अपडेट करून घ्या.