'एस्क' लावायचं की नुसता सूर चढवायचा?

'तू येतोस?' आणि 'तू येतोस का?' हा फरक आपल्या कानांना ठाऊक आहे. बोली फ्रेंचमध्येही हेच दोन मार्ग आहेत: 'त्यु व्हियाँ?' आणि 'एस्क त्यु व्हियाँ?' आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा 'एस्क' सुरुवातीला, एवढंच. दोन्हींत मूळ वाक्याची रचना तशीच राहते.

मित्रांत, घरात सूर चढवलेला प्रश्नच जास्त ऐकू येतो. बेकरीत 'वूझावे दे क्र्वासाँ?' ('तुमच्याकडे क्र्वासाँ आहेत?') विचारलं तरी उद्धट वाटत नाही. आधी 'बाँझूर', म्हणजे नमस्कार, मात्र म्हणायलाच हवं. अडचण एकच, सूर सपाट राहिला तर प्रश्नाचं विधान होतं. 'एस्क' तिथे वाचवतो, कारण पहिल्याच शब्दाला समोरच्याला कळतं की प्रश्न येतोय. फोनवर तर मला तोच भरवशाचा वाटतो.

खरी गंमत प्रश्नार्थक शब्दांत आहे. 'कुठे राहतोस?' हे 'उ एस्क त्यु आबित?' असं किंवा, 'उ' शेवटी नेऊन, 'त्यु आबित उ?' असं विचारता येतं. 'काय करतोस?' म्हणजे 'केस्क त्यु फे?' किंवा 'त्यु फे क्वा?' इथे 'केस्क'मधला 'क', म्हणजे 'काय', शेवटी गेला की 'क्वा' होतो, हे पाठच करा. 'पुर्क्वा', म्हणजे कारण विचारणारा 'का', हा शब्द मात्र शेवटी सहसा जात नाही.

नवशिक्यांनी पहिले काही महिने 'एस्क'वरच काढावेत, असं माझं ठाम मत आहे. कान मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पद्धतीला सरावू द्या, कारण उत्तरादाखल येणारा प्रश्न बहुधा तसाच असतो.