घोटा मुरगळला: हाडवैद्य, ऑर्थोपेडिक की फिजिओ?

ओला टर्फ, शिवाजी पार्कातला उखडलेला कोपरा किंवा घरी जाताना पायाखाली हललेला पेव्हर ब्लॉक. मुंबईत घोटा मुरगळायला एवढं पुरतं. पाऊल आत वळतं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे तंतूंचे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात आणि बुटाची नाडी सोडेपर्यंत सूज चढलेली असते. मग टीममध्ये मतं पडायला लागतात. एक म्हणतो, ओळखीचे हाडवैद्य आहेत, लगेच बसवतील. दुसरा एक्स-रे काढायला सांगतो. तिसरा त्याच्या फिजिओचा नंबर पाठवतो.

माझं मत आधीच सांगतो: बहुतेक मुरगळींना शेवटी फिजिओच लागतो, काहींना त्याआधी ऑर्थोपेडिक लागतो आणि हाडवैद्य पहिल्या आठवड्यात तर अजिबात नको.

आपली मुरगळ कुठल्या गटातली, हे बरंचसं मैदानावरच कळतं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले आणि आज जगभरातले डॉक्टर ते वापरतात. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का ते बघा. दुखापत झाली तेव्हाही येत नव्हती आणि आताही येत नसतील, तर एक्स-रे. घोट्याचं आतलं किंवा बाहेरचं हाड, त्याची मागची कड टोकापासून ६ सेंटिमीटर वरपर्यंत बोटानं दाबून बघा. हाडावरच कळ आली तरी एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जो उंचवटा लागतो, तोही दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. यातलं काहीच नसेल, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र या चाचणीवर विसंबू नये.

ऑर्थोपेडिककडे जायचं ते या कारणासाठी. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा होत नाही. तेवढं ऐकून पुढच्या रविवारी खेळायला उतरणारे खूप आहेत. पहिल्याच दिवशी एमआरआयची चिठ्ठी मिळाली, तर कशासाठी ते जरूर विचारा. साध्या मुरगळीत त्यानं उपचार सहसा बदलत नाहीत. प्लास्टरचंही तसंच. बहुतेकांना ते लागत नाही, पण अगदी गंभीर लचकेत दहा दिवसांच्या प्लास्टरचा फायदा झाल्याचं ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २००९ साली दिसलं होतं. तेव्हा डॉक्टर पाय जखडायचं म्हणाले, तर ते जुनाट आहेत असं लगेच ठरवू नका.

आता हाडवैद्य. लोक तिकडे का जातात, ते मला समजतं. ते गल्लीत असतात, केसपेपर लागत नाही आणि ते पायाला हात लावून बघतात. कित्येक दवाखान्यांत तेवढंही होत नाही. तेल लावून घोटा चोळतात, अंगठा धरून झटका देतात, ‘कट्’ असा आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बसला. पण मुरगळीत हाड जागचं हललेलंच नसतं, मग बसणार काय? आवाज सांध्यातून येतो. फाटलेले तंतू त्यानं जुळत नाहीत. ताज्या दुखापतीवर चोळल्यानं आणि शेकल्यानं सूज वाढते. आणि आत फ्रॅक्चर असेल, तर तो झटका महागात पडतो. पट्टी करकचून बांधली असेल आणि बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न बघता ती सोडा आणि हॉस्पिटल गाठा. आंबेहळदीच्या लेपाला माझा विरोध नाही, फक्त त्याच्यावर सगळा भरवसा नको.

पहिले दोन-तीन दिवस कोणाकडेही जा, घरचं काम तेच. पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा. बर्फानं दुखणं कमी होतं, बरं होण्याचा वेग वाढत नाही. आराम आणि बर्फाचा सल्ला १९७८ साली ज्यांनी लोकप्रिय केला, त्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फामुळे भरून येणं लांबू शकतं असं म्हटलं. तेव्हा बर्फ दुखत असेल तेव्हाच, दिवसभर नाही.

फिजिओचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. लिगामेंट फाटतो तेव्हा पाऊल कुठे, कसं पडतंय याची सांध्याला असलेली जाणीवही मंदावते. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. यावरचा व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ असतो: दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर, मग कोणीतरी बॉल टाकत असताना. दात घासताना बेसिनपाशी करून बघा. डोळे मिटताच पाय कसा लटपटतो ते कळेल.

फिजिओही पारखून घ्यावा. रोज करंट किंवा अल्ट्रासाउंडचं मशीन लावून अर्धा तास पडून राहायला लावत असेल, तर पैसे वाया. मुरगळीत अल्ट्रासाउंडचा विशेष उपयोग दिसलेला नाही. आज कोणता व्यायाम आणि पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं, हे सांगणारा हवा. खिशाला परवडत नसेल तर केईएम, सायन किंवा नायर ही महापालिकेची हॉस्पिटलं आहेत. फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं शिक्षणकेंद्र १९५०च्या दशकात केईएममध्येच सुरू झालं. पण ओपीडी सकाळची, रांग मोठी आणि रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. अशांनी एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावेत आणि घरी करावेत. खासगीत जायचं असेल, तर मोठ्या नावापेक्षा घराजवळचा बघा. सुजलेल्या पायानं दादरचा पूल चढून फिजिओकडे जाण्यात काय अर्थ आहे?

एका बाबतीत मात्र ही सगळी तुलना बाजूला ठेवा. बॉक्स क्रिकेटमध्ये रन घ्यायला निघताना टाचेच्या वर मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कोणीच नाही, आणि आता त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर ती मुरगळ नव्हे. टाचेची मोठी शीर, अकिलिस, तुटलेली असू शकते. थेट ऑर्थोपेडिक, त्याच दिवशी.

मैदानावर कधी उतरायचं? हलकी लचक एक ते तीन आठवड्यांत सावरते, पूर्ण फाटलेल्या लिगामेंटला तीन महिनेही लागतात. तारखेपेक्षा पाय बघा: त्या एकाच पायावर न दुखता उड्या मारता येतात का, पळताना झटकन दिशा बदलता येते का. येत असेल तर उतरा, पण पुढचे काही महिने नाडीचा ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार, घालून. क्रेप बँडेज घामानं दहा मिनिटांत सैल पडतं, खेळताना त्याचा आधार धरू नका.